बाहेरून कडी: शाळेतल्या एका शिक्षेचा इतिहास

आज आपण शाळेतल्या एकाच शिक्षेकडे बघणार आहोत. पोराला खोलीत कोंडून ठेवणं.

पंतोजींच्या शाळेत शिक्षांना तोटा नव्हता. छडी, अंगठे धरून ओणवं उभं राहणं, पळून जाणाऱ्याच्या पायात लाकडाचा खोडा. छडीचा वळ निदान आईला रात्री दिसतो. कोंडल्याची खूण अंगावर राहत नाही.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. सरकारं बदलली, मास्तरांचा दरारा तोच. दंड संहितेत एखाद्याला डांबून ठेवणं गुन्हाच होता. पण बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीनं, सद्हेतूनं केलेल्या कृतीला कलम ८९ चा आडोसा होता. आणि ‘हाडं आमची, कातडं तुमचं’ म्हणून पोर सोपवणारे पालक संमती नाकारणार कुठून?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. पुढे २०१२ साली राष्ट्रीय बालहक्क आयोगानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वर्गात, ग्रंथालयात, संडासात किंवा शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत मुलाला अडकवणं हीसुद्धा शारीरिक शिक्षाच, असं स्पष्ट लिहिलं.

अमेरिकेत गोष्ट उलटी. तिथं काही राज्यांत अशा खोल्या शाळेत रीतसर बांधलेल्या. खोलीचे नियम, कोंडल्याच्या नोंदी. इलिनॉय राज्यात २०१९ साली पत्रकारांनी शाळांच्या त्याच नोंदी वाचून काढल्या, आणि गदारोळ झाल्यावर सरकारला घाईनं नियम बदलावे लागले. आम्हाला इथं एक गंमत दिसते, कडू गंमत. तिथं कागद होता म्हणून प्रकरण उघडं पडलं. आपल्याकडे अशी खोली कायद्यानं नाहीच, म्हणून तिची वहीही नाही. कुणी अडगळीच्या खोलीला कडी घातलीच, तर ती सांगणार फक्त ते पोर.

आता कळंब, वाशी, भूम भागातलं पोर घ्या. आईबाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेले, पोर हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे. आयोगाच्या सूचनांत तक्रारपेटी आहे, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची सोय आहे. पण पहिलीतल्या पोराला अजून लिहिता येत नाही, आणि ज्यांना सांगायचं ते दोघं फडात आहेत.