बैलगाडी ते मेट्रो : मॉरिशसच्या वाटा

विद्यार्थी मित्रहो, हिंदी महासागराच्या नकाशात मादागास्करच्या पूर्वेस जो ठिपका दिसतो, तो मॉरिशस. बेटाच्या वाहतुकीचा इतिहास म्हणजे गलबते नि आगबोटी, असे आपणांस वाटेल. पण येथील खरी कहाणी जमिनीवरच घडली.

डच लोक १५९८ मध्ये येथे उतरले, काळ्या लाकडाची जंगले तोडली आणि १७१० मध्ये निघून गेले. रस्ते व पोर्ट लुई बंदर यांना आकार आला तो फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याच्या काळात, १७३५ नंतर. राबणारे हात गुलामांचे होते. मळेवाल्यांच्या पालख्याही त्यांच्याच खांद्यांवर असत.

१८१० मध्ये इंग्रज आले, १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. साखर बैलगाड्यांतून, नाही तर किनाऱ्याकिनाऱ्याने होड्यांतून बंदरावर येई. हा खोळंबा टाळण्यासाठी १८६४ मध्ये उत्तरेकडची आणि १८६५ मध्ये मध्यभागाची रेल्वे सुरू झाली. म्हणजे रेल्वे आली ती प्रथम साखरेसाठी; माणसांचा विचार मागाहून!

पण पुढे काय झाले पाहा. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाने पोर्ट लुईत हाहाकार उडवला. ज्यांना परवडले ते कुटुंबकबिल्यासह क्यूरपीपच्या थंड पठारावर राहावयास गेले आणि रेल्वेने रोज कामावर ये-जा करू लागले. मजुराला मात्र ही सोय कुठली? १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की अटक. दाराशी रेल्वे होती, पण फिरण्याची मोकळीक नव्हती. पालकहो, इतिहास शिकवताना रुळांची लांबी सांगितली जाते, हा परवाना राहून जातो, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि युरोप-आशिया मार्गावरील पुष्कळ जहाजांना मॉरिशसला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. १९०२ च्या सुमारास सुरा नावाच्या रोगाने बैल व खेचरे पटापट मेली. तेव्हा मळ्यांत छोट्या रुळांच्या गाड्या धावू लागल्या. पुढे मोटारी आणि बसगाड्या आल्या, रेल्वेला तोटा होऊ लागला. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या आणि १९६४ मध्ये मालगाड्याही थांबल्या. रूळ उखडले गेले.

मग रस्त्यांवर मोटारींची एवढी दाटी झाली की पुन्हा रुळांची आठवण झाली. भारताच्या साहाय्याने उभारलेल्या मेट्रोचे उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झाले. २०२२ पासून ती पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत जाते, आणि बराचसा मार्ग त्या जुन्या आगगाडीचाच आहे.