उशीर कुणी ठरवला?

आठवीत पीटीच्या तासाला आम्हाला उंचीप्रमाणे उभं करत. सगळ्यांत पुढे मी. मागच्या मुलांना मिसरूड फुटत होतं, आवाज फुटत होते आणि माझा आवाज मात्र प्रार्थनेत मुलींच्या रांगेतून आल्यासारखा यायचा. सहलीला गेलो की मी सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकून घ्यायचो. का, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आपण याला ‘वयात येणं’ म्हणतो. जो आलेला नाही, तो तोवर कुठे असतो?

बऱ्याच वर्षांनी, त्या भीतीचा काही उपयोग उरला नसताना, ‘उशीर’ मोजण्याची पट्टी कुठून आली हे वाचायला मिळालं. तोवर मला वाटायचं, असल्या गोष्टी वैद्यकाला पहिल्यापासूनच ठाऊक असतील. तसं नाही. मुलं एकाच वयाची असली तरी वाढीच्या वाटेवर पुढेमागे असतात आणि त्यामुळे सरसकट काढलेली सरासरी फसवी ठरते, हे फ्रान्झ बोआस यांच्या ध्यानात आलं ते १८९० च्या दशकात. पण सरासरी सोडून एकेका मुलाच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं, तर एका जागी राहणारी मुलं हवीत.

अशी मुलं इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावी होती. तिथे निराधार आणि मोडलेल्या घरांतल्या मुलांसाठी मोठं बालगृह होतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, रेशनिंग चालूच. मुलांच्या पोषणाची चौकशी म्हणून १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोजमाप सुरू झालं. जेम्स टॅनर यांनी ते हाती घेतलं आणि १९७१ पर्यंत चालवलं. मापं घ्यायचे रेजिनल्ड व्हाइटहाउस. वयात येण्याच्या काळात दर तीन महिन्यांनी उंची, वजन आणि पूर्ण विवस्त्र अवस्थेतला फोटो. या फोटोंवरूनच शरीरातल्या बदलांचे पाच टप्पे पक्के झाले. आज जगभरातले डॉक्टर ‘टॅनर स्टेज’ म्हणतात ते हेच.

१९६९ मध्ये मार्शल आणि टॅनर यांनी १९२ मुलींचा अभ्यास छापला, पुढच्या वर्षी २२८ मुलग्यांचा. मुलग्यांच्या निबंधातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. बहुतेकांचा पहिला बदल साडेनऊ ते साडेतेरा या वयांत कधीही सुरू झालेला, आणि पूर्ण वाढ १३ ते १७ मध्ये कधीतरी. म्हणजे एकाचं सगळं उरकलेलं असताना त्याच वयाच्या दुसऱ्याची सुरुवातही झालेली नसू शकते. आणि दोघंही ठणठणीत! हे कुणी मला आठवीत सांगायला हवं होतं.

पण हा दिलासा आला कुठून? आपल्या शरीराकडे कुणी पाहू नये म्हणून मी पहाटे उठायचो. ती मुलं त्याच वयात, तशीच अवघडलेली, दर तीन महिन्यांनी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. त्यांच्यासाठी ‘नको’ म्हणणारे आईबाप जवळ नव्हते, आणि मुलांची स्वतःची संमती हा मुद्दा त्या काळी आजच्यासारखा कुणी काढत नसे. टॅनर माणूस म्हणून वाईट होते असं मला म्हणायचं नाही. मापं काळजीपूर्वक घेतलेली होती. ही सगळी मुलं गोरी, बहुतांश गरीब थरातली, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लागू पडतील असं धरू नये, हे त्यांना माहीत होतं. तरी ते फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१९६६ साली झुरिकच्या आंद्रेआस प्राडर यांनी वृषणांचं आकारमान ताडून बघायला दोरीत ओवलेले लहानमोठे मणी काढले, १ ते २५ मिलिलिटरचे. फोटोपेक्षा हे बरं, एवढंच. मुलग्यात १४ पर्यंत ४ मिलिलिटरचा मणी गाठला नाही आणि मुलीत १३ पर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावं असं आज सांगतात. त्यात काही वेळा खरंच उपचार लागतात. मुलग्यांत मात्र बहुतेकदा नुसता उशीरच असतो, आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो.

माझी उंची वाढली ती अकरावीत. वडिलांचीही कॉलेजात गेल्यावर वाढली होती. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि आम्ही माझ्या मुलाचा शाळेचा गणवेश घ्यायला गेलो होतो.