गावठाण व घरटंचाई, खानदेशातील

गावठाण व घरटंचाई, खानदेशातील : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील खेड्यांत राहत्या घरांची जी टंचाई आहे, तिचे मूळ बांधकामाच्या खर्चापेक्षा जागेत अधिक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. हद्दीच्या आत घर बांधताना बिनशेतीचा प्रश्न येत नाही. बाहेर शेती, गायरान किंवा वहिवाटीचा रस्ता असतो. कुटुंबे वाढतात, वाटण्या होतात आणि हद्द मात्र जागच्या जागी राहते.

इतिहास : खानदेशात इंग्रजी महसुली मोजणी सुरू होताच १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयतेने तिला उघड विरोध केला. तो विरोध शेतसाऱ्याला होता. पण काळी आणि पांढरी, म्हणजे शेत आणि वस्ती, कागदावर कायमची वेगळी झाली ती या मोजण्यांमुळे. वस्तीतली घरे नकाशात आली नाहीत. गावठाण हा एक अखंड तुकडा म्हणून दाखवला गेला, त्यामुळे आतल्या मालकीचा पुरावा पुढे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या (नमुना आठ) नोंदीपुरता उरला.

घराची रचना : जुने घर धाब्याचे. लाकडी खांबांवर सर, सरांवर कड्या, कड्यांवर बारीक फाटे, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकून ते पाणबंद करतात. वाटणी झाली की मधे भिंत उभी राहते, पण खांब आणि सर दोघा भावांचे सामाईकच राहतात. एकाने आपला अर्धा भाग पाडायला घेतला तर दुसऱ्याचे धाबे खचते. म्हणून घरकुल मंजूर होऊनही जुने घर पाडता येत नाही. भावाचे संमतीपत्र हा कोणत्याही शासकीय कागदाइतकाच महत्त्वाचा कागद ठरतो. घरकुल योजनांच्या आढाव्यात ही अडचण क्वचितच विचारात घेतली जाते.

पहूर : रस्त्यावरच्या गावाचे एक उदाहरण; जामनेर तालुक्यातील वाघूर काठचे गाव. पहूर पेठ व पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती. जळगाव–अजिंठा मार्गावर असून जामनेरकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. २०२० मध्ये बंद पडलेल्या पाचोरा–जामनेर नॅरोगेज मार्गावर येथे स्थानक होते. अशा रस्त्यावरच्या गावांत हद्दीबाहेरची जमीन दुकानांसाठी आणि प्लॉट पाडण्यासाठी जाते. शेतमजुराला त्या भावाने जागा घेणे परवडत नाही.

गावठाण विस्तार : भूमिहीन मजुरांना घरासाठी जागा देण्याची केंद्राची योजना १९७१ ची. सरकारी किंवा संपादित जमिनीवर सारख्या मापाचे तुकडे पाडून गावाला जोडलेल्या वस्त्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना ‘प्लॉट’ किंवा ‘नवे गावठाण’ म्हणतात. हतनूर धरणामुळे तापी-पूर्णा काठच्या, तर सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठच्या गावांना नव्या जागी वसावे लागले. तेथे गावठाण आधी आखले गेले आणि घरे नंतर झाली. जुन्या गावांनाही हाच क्रम लावता आला असता. जमीन महसूल अधिनियमात पुढे घातलेल्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी वापरासाठी सवलत मिळते. पण तिचा लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच.

घरकुल योजना : इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासून; २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण). सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान, किमान २५ चौरस मीटर घर, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्याने स्वतःकडून ५० हजारांची भर घातली. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. ग्रामसभेत नाव पात्र कुटुंबांच्या ‘ड’ यादीत आले की अभियंता मोबाईल घेऊन येतो आणि लाभार्थीला रिकाम्या जागेवर उभे करून छायाचित्र घेतो. पुढे जोते, छज्जा, पूर्ण घर अशा टप्प्यांची छायाचित्रे चढवली की हप्ते सुटतात. ज्याला उभे राहायला स्वतःची जागाच नाही, त्याची गाडी पहिल्या छायाचित्रापाशीच अडते.

यावरचा उपाय म्हणून २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आली. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजार रुपये मिळत; पुढे ही मर्यादा एक लाखापर्यंत वाढली. २०२० च्या महाआवास अभियानात जागा जमवणे, गवंडी प्रशिक्षण आणि जागा कमी असेल तेथे बहुमजली घरकुले यांवर भर होता. बहुमजली पर्याय गुरेढोरे, सरपण आणि शेतीची अवजारे असलेल्या कुटुंबाला सोयीचा नाही.

गायरान : भिलाटी (भिल्लांच्या वस्त्या) आणि मजुरांच्या अनेक वस्त्या गायरानावर किंवा गावकुसाला लागून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. राज्याने २०१८ मध्ये निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण जाहीर केले. या दोहोंचा मेळ कसा घालायचा याविषयी मतभेद आहेत.

भाड्याची घरे : बाजारपेठेच्या गावांत शिक्षक, बँक व सरकारी कर्मचाऱ्यांपुरती.

नोंदी : गावठाणातील मिळकतींची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्याआधीच ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली होती. मोजणीनंतर घरमालकाला सनद आणि मिळकत पत्रिका मिळते व त्यावर बँकेचे कर्जही मागता येते. गावठाणातल्या सामाईक भिंतीचे वाद यामुळे पुष्कळ अंशी मिटू शकतात. मात्र मोजणी गावठाणाच्या वस्तीची होते. गायरानावर राहणाऱ्या कुटुंबाला या योजनेतून सनद मिळत नाही. त्यासाठी ग्रामसभेने गावठाण विस्ताराचा ठराव करून तो तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.