कागल ते हिंदूराव : पदाकांक्षी पुरुष आणि मराठी कथनातील दोषारोप

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवरचे 'हिंदूराव' हे रुग्णालय सर्वपरिचित आहे. मात्र ते नाव एका मराठा सरदाराचे आहे, याची जाणीव फारशी उरलेली नाही. जयसिंगराव घाटगे ऊर्फ हिंदूराव हा ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचा भाऊ. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. त्यानंतर हिंदूराव दिल्लीस स्थायिक झाला. २२ मार्च १८३५ रोजी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर त्याचे टेकडीवरील घर हिंदूरावाकडे आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बाल्झॅकची 'ल पेर गोरिओ' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस रास्तिन्याक हा तरुण पेर लाशेझच्या दफनभूमीतील उंचवट्यावरून खालचे शहर न्याहाळतो आणि त्यास आव्हान देतो. हा योगायोग केवळ तारखांचा आहे. परंतु हिंदूरावाच्या घराण्याचा उदय ज्या व्यवहारातून झाला, तो बाल्झॅकच्या व्यवहाराशी इतका जुळतो की, दोहोंची तुलना करणे अगत्याचे ठरते.

फ्रेंच वास्तववादी कादंबरीतील पदाकांक्षी नायक क्रांती आणि नेपोलियन यांच्या पश्चात जन्मास येतो. स्तांदालच्या 'ल रूज ए ल नुआर' (१८३०) मधील ज्युलियाँ सोरेल हा लाकूड कापणाराचा मुलगा. तलवारीचा मार्ग बंद झाल्यावर तो पाद्र्याच्या झग्याकडे वळतो. रास्तिन्याकजवळ जुने कुलनाम आहे, पैसा नाही. गोरिओ या शेवयांच्या व्यापाऱ्याजवळ पैसा आहे, कुल नाही, म्हणून तो एक मुलगी सरदारास आणि दुसरी सावकारास देतो. मोपासाँच्या 'बेल-आमी' (१८८५) मधील दुरुआ हा खेडेगावातील खाणावळवाल्याचा मुलगा. तो आपल्या नावाची फोड करून त्यास सरदारी रूप देतो आणि शेवटी वृत्तपत्राच्या मालकाच्या मुलीशी लग्न करतो. कुल, पैसा आणि सत्ता ही तीन चलने एकमेकांत बदलून घेण्याचे कौशल्य म्हणजेच या नायकांचे चरित्र होय.

हिंदूरावाचा पिता सखाराम घाटगे, म्हणजेच इतिहासातील सर्जेराव, याच्या उदयाची रीत हीच होती. कागलच्या घाटग्यांचे कुल प्रतिष्ठित. परंतु भाऊबंदकीमुळे सखारामास गाव सोडावे लागले. परशुरामभाऊ पटवर्धन, मग नाना फडणवीस, मग दौलतराव शिंदे असे त्याने धनी बदलले. १७९५ मध्ये सवाई माधवराव निवर्तल्यावर पुण्यात गादीचा वाद माजला आणि प्रत्येक पद वाटाघाटीचा विषय बनले. अशा वेळी सखारामाजवळ एकच मोलाची वस्तू होती : मुलगी बायजा. शिंद्यांपेक्षा आपले कुल श्रेष्ठ, हा घाटग्यांचा अभिमान त्याने सोयरिकीस नकार देण्यासाठी नव्हे, तर तिचे मोल वाढविण्यासाठी वापरला. मोबदला ठरला तो शिंद्यांच्या दिवाणगिरीचा. १७९७ च्या अखेरीस नाना कैदेत पडले. १७९८ च्या प्रारंभी पुण्यात लग्न झाले. गोरिओने पैसा देऊन मुलींसाठी कुल मिळविले; घाटग्याने मुलीच्या द्वारे कुल देऊन स्वतःसाठी सत्ता मिळविली.

पुढचा इतिहास ज्ञात आहे. बाजीरावाने गादीसाठी कबूल केलेली दोन कोटींची रक्कम त्यास देता येईना. ती पुण्यातील धनिकांकडून वसूल करण्याचे काम सर्जेरावाकडे आले आणि शहरास छळ व लूट सोसावी लागली. महादजींच्या विधवांचीही विटंबना झाली. १८०१ मध्ये त्याने इंदूर लुटले. १८०९ मध्ये दौलतरावाच्याच छावणीत तो मारला गेला.

येथे एक आक्षेप संभवतो. कल्पित पात्राची प्रत्यक्ष माणसाशी तुलना करणे कितपत योग्य? खरोखर तुलना करावयाची आहे ती माणसांची नव्हे, तर त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांची. फ्रेंच कादंबरीकार पदाकांक्षी पुरुषास साक्षीदार म्हणून उभा करतो. त्याच्या प्रत्येक पायरीस कोणाचा तरी हातभार लागतो : सरदारीण, मंत्री, संपादक, धर्मगुरू. दुरुआचे लग्न मादलेनच्या चर्चमध्ये बिशपच्या आशीर्वादाने लागते, तेव्हा दोष एका दुरुआपुरता राहत नाही. मराठी कथनात याच्या नेमके उलट घडले. पुणेकरांच्या आठवणीत, बखरींत आणि त्यांवर पोसलेल्या इतिहासात सर्जेराव हा कलिपुरुष ठरला. पुण्याच्या लुटीस पेशव्यांची संमती होती, तिचा लाभ शिंद्यांस होणार होता. तरी दौलतराव अल्पवयी, बाजीराव दुबळा आणि सर्जेराव तेवढा दुष्ट, अशी वाटणी झाली. फ्रेंच कादंबरीत पदाकांक्षी पुरुष सर्वांचा दोष उघड करतो. मराठी कथनात तो सर्वांस निर्दोष ठरवितो.

ही वाटणी इंग्रजांनाही सोयीची होती. १८०५ च्या तहात सर्जेरावास कारभारात स्थान न देण्याची अट शिंद्यांवर घालण्यात आली. त्याच तहान्वये बायजाबाईंस दोन लाखांची जहागीर मिळाली. सौदा करणारा बहिष्कृत आणि सौद्याचे फळ मान्य! ज्यांना मोहरा म्हणून पुढे केले गेले, त्या बायजाबाईंनी पुढे १८२७ ते १८३३ या काळात ग्वाल्हेरचा कारभार समर्थपणे चालविला. ज्या व्हिक्टोरिनला पटवून श्रीमंत होण्याची मसलत रास्तिन्याकला दिली जाते, तिला बाल्झॅक असे भवितव्य देत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरी वास्तवाकडे वळविली. मात्र 'पण लक्षात कोण घेतो' मधील शंकरमामंजींसारखा कारस्थानी खलस्थानीच राहिला; कादंबरीचे अंतःकरण सोसणाऱ्यांकडे गेले. सुधारणेच्या युगात हे स्वाभाविक होते. तथापि त्यामुळे वर चढणाऱ्याच्या मनात शिरून त्यास शिडी पुरविणाऱ्या समाजाकडे पाहण्याची दृष्टी लांबणीवर पडली.

ती दृष्टी प्रखरपणे आली १९७२ मध्ये, तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकात. तेथेही पिता मुलगी देऊन अधिकार घेतो. परंतु शेवटी घाशीराम मारला जातो, नाना सुरक्षित राहतात आणि नगर उत्सव करते. एकाच्या माथी सर्व पाप लादण्याची क्रियाच नाटकाचा विषय बनते. नानांच्या चित्रणावरून उठलेले वादळ हे ती जुनी वाटणी किती खोल रुजली होती याचेच द्योतक मानावे लागेल.

दिल्लीतील हिंदूराव हा या कथेचा दुसऱ्या पिढीतील शेवट आहे. टेकडीवरील अशोकस्तंभाचे भग्न तुकडे त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीस दिल्याची नोंद आहे. इंग्रजांच्या दिल्लीत तो एक प्रतिष्ठित गृहस्थ होता. १८५७ च्या वेढ्यात त्याचे घर इंग्रज फौजेचे मोक्याचे ठाणे बनले आणि नाव नकाशावर कायम झाले. पित्याच्या नावाशी जडलेली पुण्याची लूट या नावात कोणास ऐकू येत नाही. बाल्झॅकच्या पुढील कादंबऱ्यांत रास्तिन्याक मंत्रिपदास पोचतो आणि त्याच्या प्रतिष्ठेचा उगम लोक विसरतात. वाचकास मात्र तो विसरता येत नाही, कारण कादंबरीकाराने तो नोंदवून ठेवलेला असतो. सर्जेरावाच्या बाबतीत तशी नोंद पत्रव्यवहार, बखरी आणि तहनामे यांत विखुरलेली आहे. ती खलपुरुषाच्या शोधासाठी नव्हे, तर त्यास दिवाणगिरी कोणी व का दिली या प्रश्नासाठी पुन्हा वाचणे, हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.