सर्वांत मोलाचा खेळाडू कोण?

गुणीजनांमध्यें पहिला मान कोणाचा, हा वाद सर्व काळीं व सर्व देशीं चालत आलेला आहे. कवींमध्यें श्रेष्ठ कोण, गवयांमध्यें श्रेष्ठ कोण, असे प्रश्न निघाले म्हणजे घरोघर पक्ष पडतात, आणि शेवटीं 'ज्याची त्याची आवड' असें म्हणून मंडळी उठतात. परंतु ज्या क्षेत्रांत प्रत्येक कृतीची नोंद होते, तेथें तरी हा वाद मिटावा, अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. अमेरिकेंतील बेसबॉल हा असाच हिशेबी खेळ आहे. तरीहि तेथील 'सर्वांत मोलाचा खेळाडू' या पारितोषिकाचा इतिहास पाहिला, तर आंकडे वाढले तसा वादहि वाढला, असेंच दिसून येतें. तो इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें कारण खेळाची आवड एवढेंच नाहीं. माणसाची किंमत कोणत्या मापानें ठरवावयाची, आणि तें माप कोणाला लावावयाचें व कोणाला लावावयाचेंच नाहीं, हे दोन्ही प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत.

क्रिकेटशीं परिचित असलेल्या वाचकांना बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी थोडी निराळी वाटेल. तींत धावा मोजीत नाहींत. मारलेल्या चेंडूवर फलंदाजाला सुखरूप पहिला तळ गाठतां आला, तर तो फटका यशस्वी. अशा फटक्यांच्या संख्येला, हिशेबांत धरावयाच्या संधींच्या संख्येनें भागलें म्हणजे सरासरी निघते. दहा संधींत तीन यशस्वी फटके मारणारा चांगला फलंदाज समजला जातो. हंगामभर चाराचें प्रमाण राखणारा क्वचितच आढळतो.

इ. स. १९१० मध्यें डेट्रॉइट येथील मोटारींचे कारखानदार ह्यू चाल्मर्स यांनीं, ज्याची सरासरी सर्वांत अधिक भरेल त्याला आपल्या कारखान्याची मोटार देण्याचें जाहीर केलें. शर्यत दोघांवर येऊन ठेपली: डेट्रॉइटचा टाय कॉब व क्लीव्हलंडचा नेपोलियन लाजवे. कॉब अलौकिक फलंदाज, पण स्वभावानें भांडखोर व अनेकांना अप्रिय. लाजवे लोकांचा आवडता. आघाडी आपल्या हातीं आहे असें पाहून कॉब शेवटचे दोन सामने खेळलाच नाहीं. तिकडे ९ ऑक्टोबर रोजीं सेंट लुइस येथें लाजवेच्या संघाचे एकाच दिवशीं दोन सामने होते. प्रतिपक्षाचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर यानें आपल्या तिसऱ्या तळावरील नवख्या खेळाडूला बरेंच मागें उभें राहण्याची आज्ञा केली. पुढें मोकळें मैदान पाहून लाजवे चेंडू हलकेच पुढ्यांत पाडी व धावत तळ गाठी. त्या दिवशीं त्याच्या नांवावर आठ यशस्वी फटके लागले, आणि त्यांतले बहुतेक याच प्रकारचे होते. नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला कपड्यांच्या नव्या जोडाची लांच दाखविण्यापर्यंत मजल गेली.

लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनीं चौकशी करून कॉबची सरासरी किंचित् अधिक ठरविली, चाल्मर्स यांनीं दोघांनाहि एकेक मोटार दिली, आणि ओकॉनरला आपली जागा गमवावी लागली. मौज अशी कीं, सुमारें सत्तर वर्षांनीं जुने हिशेब तपासतां कॉबच्या खात्यांत एक सामना दोनदां चढविलेला आढळला. ही चूक १९८१ मध्यें प्रसिद्ध झाली. ती दुरुस्त केली असतां लाजवे पुढें जातो. तरीहि खेळाच्या आयुक्तांनीं जुना निर्णय कायम ठेविला.

नुसत्या सरासरीला बक्षीस लावलें म्हणजे खेळाडू सामना सोडून सरासरी जपूं लागतो, हें या प्रकरणानें दाखवून दिलें. म्हणून १९११ पासून प्रत्येक शहरांतील एकेक वृत्तपत्रलेखक घेऊन मंडळ नेमण्यांत आलें, आणि जो आपल्या संघाला सर्वांत उपयोगी पडला त्याला मोटार द्यावी, असें ठरलें. आंकड्याच्या जागीं मत आलें तें येथें. ही योजना १९१४ नंतर बंद पडली. पुढें १९२२ मध्यें अमेरिकन लीगनें स्वतःचें पारितोषिक सुरू केलें, परंतु एकदां मान मिळालेल्याला तो पुन्हा मिळूं नये, असा नियम घातला. त्यामुळें १९२३ चा मानकरी बेब रूथ यानें १९२७ सालीं ६० होम रन मारले, तरी त्याचें नांव विचारांतहि घेतां आलें नाहीं. मान लू गेरिगला मिळाला. गेरिग अयोग्य होता असें नव्हे. पण स्पर्धकाला बाहेर ठेवून दिलेल्या मानाला उणेपणा येतोच. नॅशनल लीगमध्यें १९२४ सालीं रॉजर्स हॉर्न्सबीची सरासरी .४२४ भरली, तरी मान ब्रुकलिनचा चेंडूफेक करणारा डॅझी व्हॅन्स यास मिळाला. एका मतदारानें तर हॉर्न्सबीचें नांव आपल्या यादींत कोठेंच घातलें नव्हतें!

१९३१ पासून हें काम बेसबॉल-वृत्तलेखकांच्या संघटनेनें हातीं घेतलें. प्रत्येक मतदार क्रमानें दहा नांवें देतो व क्रमाप्रमाणें गुण मांडले जातात. 'मोल' या शब्दाची नेमकी व्याख्या केलेली नाहीं. संघाला झालेला प्रत्यक्ष उपयोग, खेळलेले सामने, आणि स्वभाव, निष्ठा व प्रयत्न यांचा विचार करावा, एवढेंच मार्गदर्शन मतदारांना आहे. या सैल व्याख्येची खरी कसोटी १९४१ मध्यें लागली.

त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओनें १५ मे ते १६ जुलैपर्यंत लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. बॉस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी शेवटच्या दिवशीं सकाळीं .३९९५५ होती, तो न खेळता तर ती.४०० म्हणूनच छापली गेली असती. पण त्यानें बसून राहण्याचें नाकारलें, फिलाडेल्फिया येथील दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा यशस्वी फटके मारले आणि सरासरी .४०६ वर नेली. १९१० मधील कॉबचें वर्तन आठवलें म्हणजे या निश्चयाचें मोल कळतें. तथापि निकाल लागला तो असा: डिमॅजिओ २९१ गुण, विल्यम्स २५४. पुढच्या वर्षीं विल्यम्सनें सरासरी, होम रन व धावा मिळवून देणें या तिहींतहि लीगमध्यें पहिला क्रमांक पटकाविला; मान न्यूयॉर्कच्या जो गॉर्डनला गेला. १९४७ मध्यें त्यानें पुन्हा तिन्ही क्रमांक मिळविले, त्याची सरासरी.३४३, तर डिमॅजिओची .३१५. तरी डिमॅजिओला २०२ गुण पडले व विल्यम्सला २०१! एका मतदारानें विल्यम्सला दहांतहि घेतलें नव्हतें. त्यानें दहावें स्थान दिलें असतें तर बरोबरी झाली असती, आणि नववें दिलें असतें तर विल्यम्स जिंकला असता.

डिमॅजिओच्या पक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. पारितोषिक उत्तम फलंदाजाला नसून मोलाच्या खेळाडूला आहे. मोल तें संघाच्या विजयावरून ठरावें. आणि १९४१ प्रमाणें १९४७ मध्येंहि लीग जिंकली ती न्यूयॉर्कनें. शिवाय डिमॅजिओ क्षेत्ररक्षणांत अग्रगण्य, तर विल्यम्सचें लक्ष सारें फलंदाजीवर. उलट पक्ष म्हणतो कीं, फलंदाजाला खेळावयाचें तें आपल्या पाळीपुरतेंच. सोबती दुबळे निघाले तर तो दोष त्याच्या माथीं कां मारावा? विजेत्या संघांतूनच मानकरी निवडावा असा नियमहि नाहीं, आणि १९८७ सालीं तळाच्या क्रमांकावरील शिकागो संघाच्या आंद्रे डॉसनला हा मान मिळालाच.

आमच्या मतें १९४१ चा निर्णय प्रामाणिक मतभेदाचा होता. तो कसाहि लागता तरी अन्याय म्हणतां आला नसता. १९४२ व १९४७ यांविषयीं तसें म्हणवत नाहीं. विल्यम्सचें वृत्तपत्रकारांशीं उघड वांकडें होतें, आणि मतें देणारे वृत्तपत्रकारच होते. स्वभाव पाहावा, या सूचनेचा अर्थ 'आमच्याशीं गोड बोलणारा पाहावा' असा होऊं लागला, म्हणजे परीक्षक परीक्षक राहत नाहीं. एखाद्याला दुसरें स्थान देणें हें मत आहे. त्याला पहिल्या दहांतहि न घेणें हा निव्वळ आकस होय.

परंतु याहून मोठा अन्याय गुणपत्रिकेवर दिसतच नाहीं. १९४७ पूर्वीं कित्येक दशकें कृष्णवर्णीय खेळाडूंना या लीगांचे दरवाजे बंद होते. जॉश गिब्सनसारखा फलंदाज निराळ्या लीगांत खेळला आणि जानेवारी १९४७ मध्यें वारला. त्याच्या नांवापुढें क्रमांक लिहिण्याची पाळीच आली नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें जॅकी रॉबिन्सन मैदानांत उतरला व १९४९ सालीं नॅशनल लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत त्या लीगमधील हा मान नऊ वेळां कृष्णवर्णीय खेळाडूंनीं मिळविला. दार लावून घेतल्यामुळें आधींचे निवाडे किती अपुरे होते, याला याहून सबळ पुरावा नको. ज्यांच्या कारकीर्दींत तें दार बंदच राहिलें, ते आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांचें नांव १९४४ पासून या पारितोषिकावर कोरलेलें होतें. २०२० मध्यें लेखक-संघटनेनें तें काढून टाकलें.

२०२४ मध्यें त्या निराळ्या लीगांचे आंकडे मुख्य नोंदींत सामील झाले. तेव्हां कारकीर्दीच्या सरासरींत टाय कॉब .३६७ वरून दुसऱ्या जागीं गेला, आणि .३७२ सरासरीचा गिब्सन पहिला आला. मतभेदाला आमची हरकत नाहीं. डिमॅजिओ कीं विल्यम्स, या प्रश्नावर अमेरिकेंतील बाप-लेक आणखी शंभर वर्षें भांडोत. त्यांत खेळाचें प्रेमच दिसेल. मात्र निवाडा करावयास बसणारानें आधीं एवढें पाहावें कीं, ज्यांचा विचार व्हावयास हवा त्या सर्वांचीं नांवें आपल्यापुढें आलीं आहेत काय, आणि नावडत्याचें नांव लिहितांना आपला हात तर आखडत नाहीं ना.