डबलबारी भजनातील पाठांतर व सादरीकरण

डबलबारी भजन हा कोकणातील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, सामन्याच्या स्वरूपाचा भजनप्रकार आहे. वैभववाडी, कणकवली, देवगड, मालवण आदी तालुक्यांत तसेच मुंबईतील चाकरमान्यांमध्ये तो लोकप्रिय आहे. यात दोन भजनमंडळे आळीपाळीने आपापली 'बारी' सादर करतात. मंडळाच्या प्रमुख गायकास 'बुवा' म्हणतात. बुवाने वहीकडे न पाहता, श्रोत्यांशी नजर जुळवून व हावभावांसह गावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे आवाज चांगला असूनही संकोची स्वभावाच्या गायकास बुवा होणे कठीण जाते.

स्वरूप

बुवा स्वतः पेटी वाजवीत गातो. पखवाज, झांज व टाळ यांची साथ असते. मागे बसून ओळी उचलणाऱ्या साथीदारांना 'कोरस' म्हणतात. रूपाचा अभंग, अभंग, गजर, गौळण असे प्रकार सादर होतात. एका बुवाने पुराणकथेवर प्रश्न टाकावा व दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यावे, असाही प्रघात आहे. साहजिकच गळ्याइतकाच हजरजबाबीपणाही येथे कसाला लागतो.

पाठांतर

अभंगाची रचनाच पाठांतरास अनुकूल आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो; दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. लहान अभंगात सामान्यतः आठ-आठ अक्षरांचे दोन सयमक चरण असतात. यमकामुळे पुढील शब्द आठवतो, तर शेवटच्या कडव्यातील संतांची नाममुद्रा समाप्तीची खूण ठरते. कोरस ध्रुवपद घोळवीत असताना बुवास पुढचे कडवे मनात जुळविण्यास अवसर मिळतो. काही बुवा आधारासाठी पेटीवर वही ठेवतात; तथापि एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर असल्याने पाने उलटणे अवघड होते.

हावभाव

हात गुंतलेले असल्याने भाव मुख्यतः चेहरा, डोळे व मानेच्या हालचालींतून व्यक्त होतो. गौळणीत कृष्ण व गोपी यांचे संवाद असल्याने ही अपेक्षा अधिक असते. शब्द विसरण्याच्या भीतीने नजर खाली गेली की भाव उणावतो, आणि श्रोत्यांकडे पाहताना मन विचलित झाले की शब्द निसटतात. पाठांतर व सभाधीटपणा ही दोन वेगळी कौशल्ये असली, तरी मंचावर एकातील उणीव दुसऱ्यात उतरते.

संकोची गायक व कोरस

कोरसमध्ये गायकावर एकट्याने गाण्याचा भार नसतो. बुवाची ओळ ऐकून तीच उचलावयाची असल्याने चूक सामूहिक स्वरात झाकली जाते, आणि वारंवार गायल्याने पदे आपोआप मुखोद्गत होतात. संकोची गायकासाठी कोरस हा अशा प्रकारे आसरा आणि शिक्षणाचा मार्ग दोन्ही ठरतो. घरगुती गणपतीपुढील भजनात जाणकार नवोदितास एखादा अभंग सांगू देतात. ओळखीच्या माणसांसमोर भीड चेपण्यास त्याची मदत होते. जो अखेरपर्यंत कोरसमध्येच राहतो, त्याचेही स्थान गौण नसते. कारण कोरस कच्चा असल्यास बुवाची बारी रंगत नाही.

अन्य गायनप्रकारांशी तुलना

वारकरी भजनात भजनी मालिकेचे पुस्तक हाती घेऊन गाणे रूढ आहे. दशावतारात पेटीवर गाणारा रंगमंचाच्या कडेला बसतो व अभिनय नट करतात. चित्रपटात पार्श्वगायनाने आवाज व चेहरा यांची फारकत केली. हिंदीत 'धूपछाँव' (१९३५) या चित्रपटापासून ही पद्धत रुळली. डबलबारीत मात्र गायन, वादन, पाठांतर व हावभाव हे चारही भार एकाच व्यक्तीवर येतात. ते पेलण्याचे बळ बुवास बहुतांशी मागे बसलेल्या कोरसकडून मिळते.