देह आणि डाव

पैलवान आखाड्यात उतरला की लोक आधी त्याची छाती आणि मांड्या न्याहाळतात. डावांची चौकशी मागाहून होते. प्रेक्षकाच्या या सवयीवर अमेरिकेतील धंदेवाईक कुस्ती उभी राहिली, आणि एकदा त्याच सवयीने ती तोंडघशी पडली. ती हकीगत आम्हांला उद्बोधक वाटते.

1920 नंतरच्या दशकात तेथील धंद्याची सूत्रे एड लुईस, बिली सँडो आणि टूट्स मॉन्ड्ट या त्रयीच्या हाती होती. निकाल आधी ठरत. आपण जिला नूरा कुस्ती म्हणतो, तीच ही. लुईस स्वतः अस्सल मल्ल होता. परंतु विजेता तोच तो राहिला की तिकिटे खपत नाहीत. म्हणून नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉलपटू वेन मन याला पुढे आणले गेले. शरीर धिप्पाड, कुस्तीचे ज्ञान जुजबी. 8 जानेवारी 1925 रोजी कॅन्सस सिटीत लुईसने ठरल्याबरहुकूम हार पत्करली आणि मन जगज्जेता झाला!

15 एप्रिलला फिलाडेल्फियात त्याच्यासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को उभा राहिला. पंचेचाळिशीच्या घरातल्या या मल्लाने हरायचे, असा बेत होता. पण तो आतून प्रतिपक्षाला मिळाला होता. त्याने खरी कुस्ती धरली आणि त्या प्रचंड देहाला पुन्हापुन्हा लोळवले. पुढे 30 मे रोजी सेंट लुईस येथे त्याने जो स्टेकरकडून हार घेतली. किताब त्रयीच्या हातून गेला.

हाच झ्बिस्को 1910 साली लंडनमध्ये गामापुढे तासन्‌तास जमिनीला चिकटून राहिला व कुस्ती अनिर्णित ठरली. 1928 साली पतियाळास मात्र गामाने त्याला मिनिटभरातच चीत केले. म्हणजे मनचा कर्दनकाळ गामापुढे टिकला नाही. विद्येलाही पायऱ्या असतात, त्या अशा.

निकालच ठरलेला, मग विद्या कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. नूरा कुस्तीचा करार कोणत्याही कचेरीत नोंदवता येत नाही. तो मोडला तर दाद मागावी कोठे? तेथे किताबाचा राखणदार एकच, मल्लाचे स्वतःचे सामर्थ्य. पुढे दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात ‘गॉर्जस जॉर्ज’ सोनेरी कुरळे केस व अत्तर यांच्या बळावर घरोघरी पोहोचला. तरी 1949 ते 1956 राष्ट्रीय कुस्ती संघटनेचा किताब होता लू थेझ या खऱ्या जाणकाराकडे. रूपाने तिकिटे विकली जातात हे आम्हांस मान्य आहे. परंतु समोरच्याने शब्द मोडला, की रूपाला डाव सुचत नाही.